वाचक विचारतात : कुत्र्याचा विमा उतरवावा का?

पाळीव प्राण्यांच्या आरोग्याविषयी आलेल्या पत्रांपैकी या वेळी बरीच पत्रे एकाच विषयावर आहेत : कुत्र्याच्या औषधोपचारांसाठी विमा घ्यावा की नाही. पहिल्या पत्रात इतरांच्याही बहुतेक शंका आलेल्या असल्यामुळे त्याला विस्ताराने उत्तर दिले आहे. त्यानंतरची उत्तरे त्या त्या पत्रातील वेगळ्या मुद्द्यापुरती आहेत.

प्रश्न : आमच्याकडे दहा महिन्यांचा लॅब्रॅडॉर आहे. तो धडधाकट आहे, लसीकरण वेळेवर झाले आहे आणि एक-दोनदा पोट बिघडण्यापलीकडे त्याला आजवर काहीही झालेले नाही. त्याचा विमा आत्ताच उतरवावा, असे मला वाटते. माझे यजमान म्हणतात की विम्याचा हप्ता म्हणजे पाण्यात घातलेले पैसे. तेवढीच रक्कम दरमहा बँकेत वेगळी ठेवली तर आजारपणात ती उपयोगी पडेल आणि आजारपण आलेच नाही तर पैसे आपलेच राहतील. त्यांच्या एका मित्राने अनेक वर्षे हप्ते भरले आणि एकदाही दावा करण्याची वेळ आली नाही, हे उदाहरण ते नेहमी देतात. आमच्यापैकी कोणाचे बरोबर? आणि विमा घ्यायचे ठरलेच तर पॉलिसीत नेमके काय पाहावे? — एक वाचिका

उत्तर : आपल्या यजमानांचा हिशेब चुकीचा नाही. कोणतीही विमा कंपनी गोळा केलेल्या हप्त्यांपेक्षा कमी रक्कम दाव्यांपोटी देते, कारण तिचा कारभार आणि नफा त्याच फरकातून चालतो. तेव्हा ‘भरलेले पैसे वसूल होतील का’ एवढेच विचारायचे असेल, तर बऱ्याच कुत्र्यांच्या बाबतीत उत्तर नकारार्थी येईल आणि त्या मित्राच्या अनुभवात नवल वाटण्याजोगे काही नाही. पण हा प्रश्न विमा घेण्यापूर्वी विचारण्याचा नव्हेच, असे माझे मत आहे. विचारायचे ते असे : उद्या सकाळी पशुवैद्यांनी तातडीची मोठी शस्त्रक्रिया सांगितली, तर तिचा सगळा खर्च आपण कर्ज न काढता आणि घरातील दुसरी कोणतीही गरज न अडवता भागवू शकाल का? ‘हो’ असे उत्तर निःशंकपणे देता येत असेल तर विमा घेतला नाही तरी चालेल. देता येत नसेल, तर हप्ता हा त्या एका दिवसासाठी भरायचा असतो.

हे मी आग्रहाने लिहितो, कारण तपासणीच्या टेबलापाशी हा प्रसंग मी पाहिलेला आहे. आजार बरा होण्यासारखा असतो, शस्त्रक्रिया करणारे हात उपलब्ध असतात, कुत्र्याचे वयही फारसे नसते. परंतु अंदाजपत्रकाचा कागद हातात आल्यावर घरातली माणसे एकमेकांकडे पाहू लागतात आणि अखेरीस दयामरणाविषयी विचारतात. त्यात त्यांच्या मायेला कुठेही उणेपणा नसतो. पैसे नसतात, आणि ते उभे करायला वेळही नसतो. आजार येऊ नये यासाठी विम्याचा काही उपयोग नाही. ही वेळ येऊ नये यासाठी मात्र आहे.

आता वेगळ्या ठेवलेल्या पैशांकडे वळू. समजा, हप्त्याएवढी रक्कम म्हणून आपण दरमहा १०० बाजूला टाकता. वर्षाअखेरीस १,२०० जमतील आणि पाच वर्षांनी ६,००० होतील. गुडघ्यातील क्रुशिएट लिगामेंट (सांधा स्थिर ठेवणारा अस्थिबंध) तुटल्यावर करावी लागणारी शस्त्रक्रिया, किंवा गिळलेली वस्तू आतड्यात अडकल्यामुळे पोट उघडण्याची शस्त्रक्रिया, यांचा खर्च सामान्यतः अनेक वर्षांच्या हप्त्यांएवढा असतो. म्हणजे निधी पुरेसा व्हायला बरीच वर्षे जावी लागतात, आणि लॅब्रॅडॉरच्या बाबतीत नेमकी सुरुवातीचीच वर्षे जोखमीची असतात. या जातीत कोपराच्या आणि खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक सदोषपणा बऱ्याचदा चार महिने ते एक वर्ष या वयातच लंगडण्याच्या रूपाने दिसू लागतो, आणि मोजे, चेंडू, खेळण्यांचे तुकडे गिळण्याचे वयही हेच असते. निधी सर्वांत तोकडा असतो तेव्हाच धोका मोठा असतो, ही त्या योजनेतली खरी अडचण आहे. दुसरी अडचण शिस्तीची. हप्ता आपोआप कापला जातो, तर बाजूला ठेवलेल्या रकमेवर घरातील प्रत्येक अडचणीचा डोळा असतो.

याउलट, ज्यांच्याकडे एखाद्या मोठ्या शस्त्रक्रियेपुरती रक्कम आजच शिल्लक आहे, त्यांना मी विमा घ्याच असे सांगणार नाही. त्यांनी ती रक्कम कुत्र्याच्या नावाने वेगळी ठेवावी आणि तिच्यात भर घालत राहावे. आपण कोणत्या गटात बसता हे अंदाजाने ठरवू नका. आपल्या पशुवैद्यांना भेटून तीन गोष्टींचा ढोबळ खर्च विचारा : आतड्यात अडकलेली वस्तू काढण्याची शस्त्रक्रिया, क्रुशिएट लिगामेंटची शस्त्रक्रिया, आणि सलाइन लावून चार-पाच दिवस दवाखान्यात ठेवण्याचा खर्च. हे तीन आकडे समोर ठेवून दोघांनी बोलावे. घरातला वाद बराचसा तिथेच मिटेल.

पॉलिसीत काय पाहावे, हा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण नाव एकच असले तरी या योजना आतून फार वेगवेगळ्या असतात. काही योजना फक्त अपघातासाठी असतात. काहींत अपघात आणि आजार दोन्ही येतात. काहींचा मुख्य भर कुत्र्याचा मृत्यू झाल्यास किंवा तो चोरीला गेल्यास त्याची किंमत देण्यावर असतो आणि उपचारांचा खर्च त्यात अगदी थोडा किंवा वेगळा हप्ता भरूनच मिळतो. घरच्या कुत्र्यासाठी उपचारांचा खर्च हाच गाभा असल्यामुळे शेवटच्या प्रकाराला माझ्या मते फारसा अर्थ नाही.

अपघात आणि आजार दोन्ही असलेल्या योजनांतही खरा फरक पडतो तो दीर्घकाळ चालणाऱ्या आजारात. त्वचेच्या ॲलर्जीचे उदाहरण घेऊ. ॲटोपिक त्वचारोग बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होतो. कुत्रा पंजे चाटतो, कान खाजवतो, काखेतली आणि पोटावरची कातडी लाल होते, वरचेवर कानात संसर्ग होतो. हा आजार आटोक्यात राहतो, पण मुळापासून जात नाही. औषधे, इंजेक्शने आणि तपासण्या आयुष्यभर चालू राहतात. आता तीन प्रकारच्या पॉलिसींत काय होईल ते पाहा. पहिल्या प्रकारात आजार सुरू झाल्यापासून बारा महिनेच खर्च मिळतो आणि त्यानंतर तो आजार कायमचा वगळला जातो. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक आजारासाठी एक ठरावीक रक्कम असते. ती संपली की त्या आजारासाठी पुढे काहीही मिळत नाही, मग कुत्रा आणखी दहा वर्षे जगो. तिसऱ्या प्रकारात वार्षिक मर्यादा असते आणि दरवर्षी पॉलिसीचे नूतनीकरण झाले की ती पुन्हा पूर्ण होते, त्यामुळे जुना आजारही चालू राहतो. मधुमेहात रोज दोनदा इन्सुलिन टोचावे लागते, अपस्माराच्या झटक्यांवरील गोळ्या बहुधा जन्मभर बंद करता येत नाहीत, थायरॉइडच्या कमतरतेवरील औषधही कायमचे असते. या सगळ्या आजारांत तिसरा प्रकारच खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो. त्याचा हप्ता अधिक असतो आणि तो तसा का असतो हे वरील वर्णनावरून लक्षात येईल. स्वस्त पॉलिसी पाहताना ती पहिल्या प्रकारची आहे का, हे आधी तपासावे.

त्यानंतर आपल्या खिशातून किती जाणार ते पाहावे. बहुतेक पॉलिसींत सुरुवातीची ठरावीक रक्कम मालकानेच भरायची असते आणि उरलेल्या रकमेतही टक्केवारीने त्याचा वाटा असतो. समजा, बिल १०,००० आहे, सुरुवातीची रक्कम १,००० आहे आणि मालकाचा वाटा २० टक्के आहे. कंपनीने आधी १,००० वजा करून उरलेल्याचे ८० टक्के दिले तर आपल्याला ७,२०० मिळतात. आधी ८० टक्के काढून मग १,००० वजा केले तर ७,००० मिळतात. इथे फरक लहान दिसतो. परंतु तीच सुरुवातीची रक्कम वर्षातून एकदाच वजा होणार की प्रत्येक आजारासाठी वेगळी वजा होणार, यावर बराच मोठा फरक पडतो. शिवाय वार्षिक मर्यादा मोठी दिसत असली तरी तिच्या पोटात तपासण्या, सीटी स्कॅन किंवा सांध्याच्या शस्त्रक्रिया यांसाठी लहान-लहान मर्यादा दडलेल्या असू शकतात. जाहिरातीतला आकडा सोडून ती पाने वाचावीत.

पॉलिसी घेतल्या दिवसापासून संरक्षण सुरू होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. अपघातासाठी काही दिवसांचा आणि आजारांसाठी साधारणतः दोन ते चार आठवड्यांचा प्रतीक्षा कालावधी असतो. गुडघ्याच्या लिगामेंटसाठी काही योजनांत तो सहा महिन्यांपर्यंत असतो. या काळात दिसलेले कोणतेही लक्षण ‘आधीपासूनचा आजार’ ठरते. कुत्रा लंगडू लागल्यावर विमा शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. त्याच कारणासाठी नंतर कंपनी बदलणे जपून करावे लागते : नव्या कंपनीकडे प्रतीक्षा कालावधी पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो आणि मधल्या वर्षांत झालेले सगळे आजार तिच्या दृष्टीने आधीपासूनचे असतात. म्हणून पहिल्या वर्षीचा हप्ता परवडतो की नाही एवढेच न पाहता, याच जातीच्या आठ आणि दहा वर्षांच्या कुत्र्याला आज ही कंपनी किती हप्ता लावते ते विचारून घ्यावे. वयाबरोबर हप्ता वाढतोच, आणि नेमका गरजेच्या वयात तो न झेपल्यामुळे सोडून द्यावा लागला तर आधीची सगळी वर्षे वाया गेल्यासारखे होते.

आपल्या घरासाठी माझा सल्ला असा आहे. मोठी रक्कम आज हाताशी नसेल तर दरवर्षी मर्यादा पूर्ववत होणारी, अपघात आणि आजार दोन्ही असलेली पॉलिसी आत्ताच घ्यावी. परंतु सुरुवातीची स्वतः भरायची रक्कम जरा मोठी निवडावी, म्हणजे हप्ता कमी होईल. लहानसहान खर्चासाठी यजमानांचा निधी चालू ठेवावा. असे केल्यास आपणा दोघांपैकी कोणाचेही म्हणणे बाजूला पडत नाही.

एक गोष्ट पत्रात विचारलेली नसली तरी लॅब्रॅडॉरच्या मालकांना सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर देण्यात आले. कमी खाणारे कुत्रे मध्यमानाने जवळजवळ दोन वर्षे अधिक जगले आणि सांध्यांच्या झिजेवर त्यांना उपचारही उशिरा सुरू करावे लागले. बरगड्यांवरून हात फिरवल्यावर त्या बोटांना सहज जाणवल्या पाहिजेत. एवढे सांभाळले तर विम्याचा उपयोग करण्याची वेळ तरी उशिरा येईल.

प्रश्न : आमचा जर्मन शेफर्ड पाच वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी तो मागच्या उजव्या पायाने लंगडत होता. पशुवैद्यांनी गोळ्या दिल्या आणि आठवड्याभरात तो बरा झाला. आता विम्याच्या अर्जात ‘यापूर्वी कोणताही आजार वा इजा झाली आहे का’ असे विचारले आहे. एका परिचिताने ‘नाही’ लिहायला सांगितले, कारण ती गोष्ट क्षुल्लक होती. काय करावे? — एक वाचक

उत्तर : ‘होय’ लिहावे आणि जे घडले ते तारखेसह लिहावे. मोठा दावा आला की कंपनी दवाखान्यातील पहिल्यापासूनची सगळी कागदपत्रे मागवते. त्यात ‘उजव्या मागच्या पायाने किंचित लंगडतो, वेदनाशामक पाच दिवस, गरज वाटल्यास एक्स-रे’ अशी एक ओळ असणारच. माहिती लपवली असे त्यावरून ठरले तर पायाचाच नव्हे, तर पूर्ण असंबद्ध आजाराचा दावाही फेटाळला जाऊ शकतो आणि पॉलिसीच रद्द होऊ शकते. नोंद सौम्य करून द्यावी अशी गळ पशुवैद्यांना कृपया घालू नये. ती त्यांनाही अडचणीत आणणारी गोष्ट आहे.

येथे ‘आधीपासूनचा आजार’ कसा मोजतात ते समजून घेणे आवश्यक आहे. निदान कधी झाले याला महत्त्व नसते. लक्षण पहिल्यांदा कधी दिसले याला असते. त्यामुळे पुढे कधी खुब्याच्या सांध्याचा दोष एक्स-रेमध्ये दिसला तर दोन वर्षांपूर्वीच्या लंगडण्याशी त्याचा संबंध जोडला जाईल. त्याहून कठोर अट दोन्ही बाजूंच्या अवयवांची असते. एका गुडघ्याचे लिगामेंट विमा घेण्यापूर्वी दुखावलेले असेल तर बऱ्याच योजना दुसरा गुडघाही वगळतात, आणि त्याला वैद्यकीय आधार आहे : एका बाजूचे क्रुशिएट लिगामेंट तुटलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे एक तृतीयांश ते निम्म्या कुत्र्यांत पुढे दुसऱ्या बाजूचेही तुटते.

तरीही निराश होण्याचे कारण नाही. अर्ज करतानाच जुन्या नोंदी कंपनीला पाठवून ‘यापैकी काय वगळणार’ हे लेखी मागावे. लंगडण्याचे कारण साधा मुरगळा होता आणि त्यानंतर दोन वर्षे कोणताही त्रास नाही, असे पशुवैद्यांनी लिहून दिले तर काही कंपन्या ते मान्य करतात, तर काही ठरावीक लक्षणमुक्त काळानंतर वगळलेली बाब पुन्हा समाविष्ट करतात. आणि समजा, दोन्ही मागचे पाय वगळलेच, तरी या जातीत पोट फुगून जठराला पीळ पडणे, प्लीहेची गाठ फुटून पोटात रक्तस्राव होणे, स्वादुपिंडातील पाचकरसांची कमतरता असे खर्चिक आजार राहतातच. उरलेल्या संरक्षणासाठी मागितलेला हप्ता योग्य वाटतो का, एवढेच मग ठरवायचे आहे.

प्रश्न : माझी मिश्र जातीची कुत्री अकरा वर्षांची आहे. नुकतीच तिच्या हृदयात मर्मर (ठोक्यांबरोबर येणारा जादा आवाज) ऐकू आली आहे. मी निवृत्त आहे. आता विमा घेणे शहाणपणाचे ठरेल का? — एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : बहुधा नाही, आणि हे मी आपणास स्पष्टच सांगतो. बऱ्याच कंपन्या या वयात नवी पॉलिसी देत नाहीत. ज्या देतात त्यांचा हप्ता जड असतो, प्रत्येक बिलात मालकाचा वाटा मोठा असतो, आणि हृदय व त्याच्याशी जोडलेले सर्व काही आधीच वगळले जाईल. तीच रक्कम आपण तिच्या प्रत्यक्ष देखभालीवर खर्च करावी. मर्मर ऐकू आल्यावर हृदयाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे केल्यास औषध आत्ता सुरू करायचे की नुसते लक्ष ठेवायचे, हे ठरवता येते. दर सहा महिन्यांनी रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासावा. घरी तिने गाढ झोपेत मिनिटाला किती श्वास घेतले ते मोजण्याची सवय लावावी. हा आकडा तीसच्या वर राहू लागला तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता पशुवैद्यांना कळवावे. या मोजणीला काहीही खर्च येत नाही आणि हृदयविकारात फुप्फुसांत पाणी साठू लागल्याचे ते फार लवकर कळणारे लक्षण आहे.

प्रश्न : मादी कुत्र्याची नसबंदी विम्यात का येत नाही? नियोजित शस्त्रक्रियेचे पैसे मिळत नसतील तर विमा कशासाठी? — एक वाचिका

उत्तर : लसीकरण, नसबंदी, जंतनाशक, दातांची सफाई हे खर्च अनपेक्षित नसतात, ते होणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे विम्याच्या मूळ कल्पनेत बसत नाहीत. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन अशा खर्चाची वेगळी जोड देतात. ती घेण्यापूर्वी वर्षभराच्या लसी आणि तपासण्यांचा खर्च मांडून तो जादा हप्त्याशी पडताळून पाहावा. पुष्कळदा दोन्ही आकडे जवळपास सारखेच निघतात आणि मग त्या जोडीत हाशील काही नसते.

आपल्या प्रश्नाचा विम्याशी असलेला खरा संबंध मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. नसबंदी न केलेल्या मादीच्या गर्भाशयात पू होतो त्या आजाराला पायोमेट्रा म्हणतात. माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी मादी फार पाणी पिऊ लागते, खाणे सोडते, कधी योनीमार्गातून पू येतो, कधी गर्भाशयाचे मुख बंद असल्यामुळे काहीच बाहेर दिसत नाही आणि अवस्था झपाट्याने जीवघेणी होते. या आजाराचे प्रमाण आपल्याला ठाऊक आहे ते विम्याच्या नोंदींमुळेच. स्वीडनमध्ये १८९० साली घोडे आणि गुरांपासून जनावरांच्या विम्याला सुरुवात झाली आणि १९२४ मध्ये तिथे पहिल्यांदा कुत्र्याचा विमा उतरवला गेला. आज त्या देशातील बहुसंख्य कुत्र्यांचा विमा असतो, आणि वैद्यकीय कारणाशिवाय नसबंदी करण्याची प्रथा तिथे दीर्घकाळ नव्हती. त्यामुळे संशोधकांना नसबंदी न झालेल्या माद्यांच्या विपुल नोंदी मिळाल्या, आणि दहा वर्षे वयाच्या आत सुमारे चार ते पाच माद्यांमागे एकीला पायोमेट्रा होतो, असे त्यांत दिसून आले.

आपण नसबंदी करणार नसाल, तर पॉलिसीत पायोमेट्रा समाविष्ट आहे का हे नाव घेऊन विचारा. काही योजना प्रजननसंस्थेचे सगळेच आजार वगळतात. नसबंदी करणार असाल तर तिचा खर्च आपणच सोसायचा आहे. मात्र त्यानंतर काही कंपन्या हप्त्यात थोडी सवलत देतात.

प्रश्न : आम्ही ग्रेट डेन घेत आहोत. या जातीत पोटाला पीळ पडतो असे वाचले. अशा वेळी रात्री दवाखान्यात पोहोचल्यावर विमा कंपनी थेट पैसे भरते का? — एक वाचक

उत्तर : बहुतेक ठिकाणी नाही. माणसांच्या आरोग्य विम्यात रोकडविरहित उपचारांची सोय अनेकांनी अनुभवलेली असते आणि कुत्र्यासाठीही तसेच असेल असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात सर्वसाधारण पद्धत अशी आहे की मालकाने बिल भरायचे, मग अर्ज, तपशीलवार बिल आणि उपचारांची नोंद पाठवायची, आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी भरपाई मिळते. काही दवाखाने कंपनीकडून थेट रक्कम स्वीकारतात, पण ते आधी विचारून ठेवावे लागते.

जठराला पीळ पडल्यावर रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत प्राण जाऊ शकतो. पोट नगाऱ्यासारखे टणक होणे, ओकारीचे उमाळे येऊनही काहीच बाहेर न पडणे, अस्वस्थपणे येरझाऱ्या घालणे आणि लाळ गळणे ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नये. त्या रात्री हाताशी पैसे किंवा पुरेशी मर्यादा असलेले क्रेडिट कार्ड असलेच पाहिजे. विमा असला तरी ही सोय वेगळी करावीच लागते. जठर पोटाच्या भिंतीला टाचून ठेवण्याची प्रतिबंधक शस्त्रक्रिया नसबंदीच्या वेळीच करता येते आणि पीळ पडण्याचा धोका तिने बराच कमी होतो. ती प्रतिबंधक असल्यामुळे बहुतेक योजनांत तिचा खर्च मिळत नाही, पण ग्रेट डेनसाठी मी ती निश्चितपणे सुचवतो.

प्रश्न : आमच्या कुत्र्याला लेप्टोस्पायरोसिस झाला. सुदैवाने तो वाचला, पण वार्षिक लस पाच महिने उशिरा राहिली असल्याचे कारण देऊन कंपनीने दावा नाकारला. पुढे काय करता येईल? — एक वाचक

उत्तर : लस उपलब्ध असलेल्या आजारांसाठी वेळेवर लस घेतलेली असणे, ही अट जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत असते. डिस्टेंपर आणि पार्वो यांच्या लसी पहिल्या वर्षाच्या बूस्टरनंतर तीन वर्षांनी देण्याचे वेळापत्रक आज सर्वमान्य आहे, त्यामुळे त्या आजारांत ‘वार्षिक लस नाही’ या कारणाला पशुवैद्यांच्या पत्राच्या आधारे उत्तर देता येते. लेप्टोची लस मात्र दर बारा महिन्यांनी द्यावीच लागते, म्हणून आपला दावा त्या कारणावर टिकणे अवघड आहे.

तरीही दोन गोष्टी कराव्यात. नकार कोणत्या कलमाखाली दिला आहे ते लेखी मागवावे आणि ते कलम स्वतः वाचावे. काही पॉलिसींत अट ‘पशुवैद्यांच्या सल्ल्यानुसार लसीकरण’ अशी असते. त्या काळात कुत्रा आजारी असल्यामुळे किंवा लस उपलब्ध नसल्यामुळे पशुवैद्यांनीच ती पुढे ढकलली असेल आणि तशी नोंद असेल, तर आपली बाजू मजबूत होते. मग आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे आणि तिथे समाधान न झाल्यास विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे मुदतीत अर्ज करावा.

याहून महत्त्वाचे पुढचे आहे. लेप्टोमुळे मूत्रपिंडांना कायमची इजा होऊ शकते आणि ती कधी कधी काही महिन्यांनी लक्षात येते. पुढील वर्षी पॉलिसीचे नूतनीकरण करण्यापूर्वी ‘मूत्रपिंडाचा भावी आजार या नाकारलेल्या दाव्याशी जोडून वगळला जाणार आहे का’ हे कंपनीला लेखी विचारावे, आणि उत्तर हाती आल्यावरच हप्ता भरावा. तोवर कुत्र्याची क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीची तपासणी पशुवैद्यांनी सांगितलेल्या अंतराने करून अहवाल तारखेनुसार जपून ठेवावेत. मूत्रपिंडे आजारातून पूर्ण सावरली होती हे दाखवण्याची वेळ आली तर तेच कागद आपल्या उपयोगी पडतील.